पिस्तुलाचा तातडीचा परवाना : धोका कामगाराला, जबाबदारी कोणाची?



आपल्या शाखांच्या सभांत हल्ली एक प्रश्न अधूनमधून येतो. तिकीट तपासनिसाला गाडीत मारहाण होते. फाटकावरच्या गेटमनला दमदाटी होते. रोकडीची थैली घेऊन निघालेल्या ग्रामीण डाक सेवकाला वाटेत अडवले जाते. आपण निवेदन देतो, द्वारसभा घेतो, काळ्या फिती लावतो. मग मागच्या रांगेतून एखादा साथी उठतो आणि म्हणतो, "अमेरिकेत जिवाला धोका आहे असे सांगितले की लगेच पिस्तुलाचा परवाना मिळतो. मग आपल्यालाच का नाही?"

हा साथी थट्टा करीत नसतो. रात्री दोन वाजता लहानशा स्टेशनावर एका पॉइंट्समनच्या सोबतीने तो ड्यूटी करीत असतो. जवळचे पोलीस ठाणे किती कोसांवर आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. 'हिंसा वाईट' एवढे सुभाषित ऐकवून त्याला खाली बसवणे हा त्याचा अपमान आहे. त्याला पुरते उत्तर मिळाले पाहिजे. भुसावळ, दौंड, नागपूर असो की इटारसी, बडोदा, सिकंदराबाद, हुबळी असो, जिथे जिथे आपला मराठी कामगार रुळांवर किंवा टपालाच्या टेबलावर राबतो तिथे भीतीचा रंग एकच आहे. म्हणून आधी अमेरिकेत खरोखर काय मिळते ते पाहू. मग आपण काय मागावे ते ठरवू.

तिथला कायदा काय म्हणतो

अमेरिकेत शस्त्रपरवान्याचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत. जिथे कपड्याआड पिस्तूल बाळगण्यासाठी परवाना लागतो, तिथे त्याची एक रीत आहे : अर्ज, शुल्क, पोलिसांच्या नोंदींची तपासणी, प्रशिक्षणाचा दाखला आणि काही आठवड्यांची प्रतीक्षा. ज्याच्या मागावर आजच कोणी आहे त्याने एवढे दिवस काढायचे कसे? या अडचणीतून 'तातडीचा परवाना' हा प्रकार निघाला.

मिनेसोटा राज्याचे उदाहरण घ्या. तिथे हा परवाना शेरीफ देतो. शेरीफ म्हणजे काउंटीचा, आपल्या भाषेत साधारण जिल्ह्याचा, लोकांनी निवडून दिलेला पोलीसप्रमुख. अर्जदाराच्या किंवा त्याच्या घरातील कोणाच्या सुरक्षेला तत्काळ धोका आहे अशी शेरीफची खात्री झाली, तर तो ताबडतोब परवाना देऊ शकतो. 'देऊ शकतो' हे शब्द लक्षात ठेवा. द्यायलाच हवा असे कायदा म्हणत नाही. अर्जदाराने धोक्याचे वर्णन करणारे शपथपत्र द्यायचे. शुल्क काही नाही. मुदत ३० दिवसांची, नूतनीकरण नाही आणि सुनावणी न घेताही परवाना रद्द करता येतो. शिवाय याच कायद्यात असेही लिहिले आहे की, तातडीच्या परवान्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला देण्याची गरज नाही.

विस्कॉन्सिनमध्ये असा परवाना न्यायालय देते आणि तोही ३० दिवसांचाच असतो. मिशिगनमध्ये मुदत ४५ दिवसांची आहे. न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळालेल्या व्यक्तीला, किंवा जिच्या जिवाला धोका असल्याचे शेरीफला स्पष्ट पुराव्यावरून पटले आहे अशा व्यक्तीला तो मिळतो. तिथे प्रशिक्षणाची अट आहे, पण ती मागाहून दहा कामाच्या दिवसांत पुरी करायची असते. म्हणजे पिस्तूल आधी कमरेला आणि चालवायला शिकणे नंतर.

दुसरीकडे, अर्ध्याहून अधिक राज्यांनी आता परवान्याची अटच काढून टाकली आहे. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्क राज्याचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द ठरवला. पिस्तूल बाळगण्यासाठी सर्वसामान्यांपेक्षा वेगळे, खास कारण दाखवा, असा तो नियम होता. तेव्हा आपल्या साथीने ऐकलेली गोष्ट अर्धी खरी आहे. काही राज्यांत परवाना तातडीने मिळू शकतो, पुष्कळ राज्यांत तो लागतच नाही. पण यापैकी कुठेही परवान्याबरोबर सुरक्षा मिळते असे कोणी लिहून दिलेले नाही.

हा परवाना कोणासाठी?

या कायद्यांच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तातडीच्या परवान्याची चर्चा होते तेव्हा डोळ्यांपुढे बहुधा एक स्त्री असते. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून किंवा जोडीदारापासून ती वेगळी झाली आहे. न्यायालयाने त्याला तिच्या जवळ न जाण्याचा आदेश दिला आहे. आदेशाचा कागद तिच्या पर्समध्ये आहे आणि तो माणूस रस्त्याच्या पलीकडे उभा आहे. न्यू जर्सी राज्यात २०१५ मध्ये अशाच एका स्त्रीने पिस्तूल विकत घेण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. अर्ज निकाली काढण्याची कायद्यातली ३० दिवसांची मुदत उलटून गेली, तरी परवाना आला नाही. दरम्यान तिच्या पूर्वीच्या जोडीदाराने तिला भोसकून ठार केले.

ही घटना सांगून बंदुकीचे समर्थक विचारतात, तिच्या हाती शस्त्र असते तर? प्रश्न योग्य आहे. पण त्याच घटनेतून दुसरा प्रश्नही निघतो, आणि तो कामगार चळवळीचा प्रश्न आहे. धोका कोणाकडून आहे हे न्यायालयाला माहीत होते. आदेश निघाला होता. मग त्या माणसावर नजर ठेवण्याचे काम कोणाचे होते? तातडीचा परवाना म्हणजे सरकारने दिलेली एक प्रकारची कबुलीच असते. तिचा अर्थ असा की, आम्ही वेळेवर पोहोचू शकत नाही, तुझे तू बघ.

आणि तिने काय बघायचे? प्रशिक्षण नाही, सराव नाही, हात थरथरत आहेत, समोरचा माणूस एकेकाळी घरचा होता. ३० दिवसांनी कागदाची मुदत संपते, पण धोक्याला मुदत नसते. तिच्यामागे लागलेला माणूस एकतिसाव्या दिवशीही रस्त्याच्या पलीकडे असू शकतो. ३० दिवसांत नियमित परवाना काढता येतो हे खरे, पण मग शुल्क आले, प्रशिक्षण आले, आणि शस्त्राची किंमत तर पहिल्या दिवसापासूनच होती. परवाना फुकट मिळतो, पिस्तूल फुकट मिळत नाही. दोन ठिकाणी धुणीभांडी करून भाडे भरणाऱ्या बाईला हा मार्ग कितपत खुला आहे?

अमेरिकेतच अकरा शहरांतील माहितीवर आधारलेले एक संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले होते. मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाती बंदूक येण्याची सोय असेल तर स्त्रीचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. यातला धडा सरळ आहे. ज्याच्यापासून धोका आहे त्याचे शस्त्र आधी काढून घ्या. ज्याच्याविरुद्ध असा संरक्षण आदेश आहे त्याला बंदूक बाळगता येणार नाही, असा केंद्रीय कायदा अमेरिकेत १९९४ पासून आहे. त्याला आव्हान दिले गेले तेव्हा जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायम ठेवला. दोन वर्षांपूर्वी न्यू यॉर्कचा नियम मोडणाऱ्या न्यायालयानेच हा निकाल दिला. एक मार्ग भ्यालेल्याला शस्त्र देण्याचा आहे, दुसरा भिवविणाऱ्याचे शस्त्र काढून घेण्याचा आहे. आपण कशाचे अनुकरण करायचे हे आपल्यालाच ठरवायचे आहे.

तिथले पोस्टमन काय मागतात?

आपल्या टपाल साथींनी पुढचा भाग मुद्दाम वाचावा. अमेरिकेतील पोस्टमन गेल्या काही वर्षांत लुटारूंचे लक्ष्य झाले आहेत. त्यांच्याजवळ एक किल्ली असते. तिला तिथे 'ॲरो की' म्हणतात. एका किल्लीने त्या भागातल्या अनेक टपालपेट्या उघडतात. पेट्यांतले धनादेश चोरण्यासाठी ही किल्ली हवी, म्हणून पोस्टमनवर पिस्तूल रोखायचे, असा धंदा सुरू झाला. २०२३ या एका वर्षात अशा सहाशेहून अधिक लुटी झाल्या.

मग तिथल्या पोस्टमनने तातडीचा परवाना घेऊन पिस्तूल खिशात ठेवावे का? तसे त्याला करता येत नाही. टपाल खात्याच्या आवारात उघडपणे वा लपवून शस्त्र बाळगण्यास केंद्रीय नियमाने बंदी आहे आणि कामावर असताना कर्मचाऱ्याने शस्त्र बाळगू नये असा खात्याचा दंडक आहे. अलीकडे काही न्यायालयांत या बंदीला आव्हान मिळाले आहे, पण पोस्टमन आजही निःशस्त्रच फेरीवर निघतो.

त्यांच्या संघटनेने, म्हणजे शहरी पोस्टमनांच्या राष्ट्रीय संघटनेने, 'आता पुरे झाले' अशी घोषणा देत शहराशहरांत सभा घेतल्या. मागण्या पाहा. जुन्या किल्ल्या आणि कुलपे बदलून नव्या पद्धतीची बसवा. त्यासाठी सरकारने पैसा द्या. पोस्टमनवर हल्ला करणाऱ्यांवरचे खटले केंद्रीय सरकारी वकिलांनी प्राधान्याने चालवा. २०२४ मध्ये त्यांच्या संसदेत या आशयाचे विधेयक आले आणि संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली. ज्या देशात पिस्तूल मिळवणे सर्वांत सोपे, त्या देशातल्या आपल्या टपाल बांधवांनी कुलूप मागितले. ते भित्रे म्हणून नव्हे. लुटारूला हवी आहे ती किल्ली, आणि ती किल्ली निरुपयोगी झाली की पोस्टमनला अडवण्याचे कारणच उरत नाही. त्यांनी धोक्याच्या मुळाला हात घातला.

त्यांना आणखी एक जुनी आठवण आहे. २० ऑगस्ट १९८६ रोजी ओक्लाहोमा राज्यातील एडमंड येथील टपाल कार्यालयात एका पोस्टमननेच गोळीबार केला. चौदा सहकारी ठार झाले आणि शेवटी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. कामाचा ताण, वरिष्ठांशी खटके, अपमान हे सारे कोणत्या कार्यालयात नसते? आपल्याकडेही असते. तिथे शस्त्र पोहोचले की काय होते, हे त्या कार्यालयाने पाहिले.

आपल्या घरातली गोष्ट

आपण म्हणू, ते अमेरिकेचे झाले. ३१ जुलै २०२३ ची पहाट आठवा. जयपूर-मुंबई गाडी पालघरच्या परिसरात होती. धावत्या गाडीत गोळ्या झाडल्या गेल्या. रेल्वे सुरक्षा दलाचा एक सहायक उपनिरीक्षक आणि तीन प्रवासी मृत्युमुखी पडले. आरोप आहे तो त्याच दलाच्या, त्याच गाडीत बंदोबस्तावर असलेल्या जवानावर. शस्त्र सरकारी होते, प्रशिक्षण रीतसर झालेले होते, कामही प्रवाशांच्या रक्षणाचेच होते. तरीही असे घडले. मग प्रशिक्षणाविना, ताणाखाली, एका शपथपत्रावर मिळालेले पिस्तूल प्रवाशांनी भरलेल्या डब्यात किंवा पेन्शनरांच्या रांगेसमोर काय करील याचा विचार शांत डोक्याने करावा.

आपल्या देशाने हा प्रश्न पूर्वीच हाताळला आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. आपल्याकडे १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले. त्या रागापोटी १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. पुढे घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामथ यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. त्याऐवजी घटनेच्या कलम १९ ने आपल्याला दिला तो शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क, आणि त्याच्या लगोलग संघटना करण्याचा हक्क. आपली प्रत्येक द्वारसभा, प्रत्येक मोर्चा या दोन ओळींवर उभा आहे. मे १९७४ च्या रेल्वे संपात लाखो कामगार उतरले, तेही याच बळावर. सभेत शेजारच्याच्या सदऱ्याआड काय आहे अशी शंका ज्या दिवशी येईल, त्या दिवशी आपली सभा संपली असे समजा.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा म्हणूनच परवाना सहजी देत नाही. जिल्हा दंडाधिकारी, आणि आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, पोलिसांचा अहवाल मागवून निर्णय घेतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. तरीही सरकारला मधून मधून सोपी वाट सुचतेच. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या भयंकर घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत सुमारे सव्वा लाख रुपये. आमच्या शाखा डाकपाल भगिनीने ते घ्यायचे तर कित्येक महिन्यांचा भत्ता एकरकमी मोजायचा. सुरक्षा विकत घेण्याची वस्तू झाली की ती कोणाच्या वाट्याला येते, हे वेगळे सांगायला नको.

टपाल खात्याच्या जुन्या हरकाऱ्याची आठवण इथे ठेवावी. रानावनातून थैली पाठीवर घेऊन तो धावायचा, हातात घुंगरू बांधलेला भाला असायचा. रात्रीच्या वेळी धोक्याच्या वाटेवर सोबतीला मशालजीही दिला जाई. तो भाला त्याच्या हातात उघड होता. घुंगरांचा आवाज लांबून ऐकू यायचा, जनावर बाजूला व्हायचे, गाव जागे व्हायचे. टपाल आणि टपाल नेणारा दोघे सुखरूप पोहोचणे ही टपाल चालवणाऱ्याची जबाबदारी मानली जाई, हरकाऱ्याने स्वतःच्या पैशाने कमरेला काय खोचले याच्यावर ती सोडलेली नव्हती. परकीय सरकारला जे कळत होते ते आजच्या प्रशासनाला कळू नये?

मग आपण तातडीने काय मागायचे?

'तातडी' हा शब्द आपण सोडू नये, तो प्रशासनाच्या टेबलावर ठेवावा. आपल्या कायद्यात त्याला आधारही आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण हा कायदा २००५ चा. त्याच्या नियमांत तातडीच्या प्रसंगाची तरतूद आहे. दूरध्वनीवरून जरी विश्वसनीय माहिती मिळाली तरी संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांची मदत घेऊन घटनास्थळी जायचे आणि अहवाल विनाविलंब दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायचा. संरक्षण आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने दिलेला तातडीचा मार्ग हा आहे. तो कागदावर राहतो, कारण त्याच्यामागे कोणी लागत नाही. आपण लागले पाहिजे. म्हणून प्रत्येक शाखेने पुढील मागण्यांवर ठराव करावा असे मला वाटते.

१. जिथे हल्ल्याची घटना एकदा घडली आहे त्या स्टेशनावर, फाटकावर आणि गाडीत रात्रपाळीला एकटा कर्मचारी ठेवू नये. दिवे, संपर्काची साधने आणि सोबत यांची व्यवस्था प्रशासनाने लेखी कळवावी.

२. ठरावीक रकमेच्या वर रोकड कोणाही ग्रामीण डाक सेवकाने एकट्याने, स्वतःच्या वाहनावर नेऊ नये. खात्याने वाहन आणि सोबत द्यावी. रोकड लुटली गेली तर चौकशीपूर्वी वसुली करू नये.

३. कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास फिर्याद प्रशासनाने स्वतः नोंदवावी आणि वकिलाचा खर्च उचलावा. कामात अडथळा आणणाऱ्यास रेल्वे कायद्याच्या कलम १४६ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सरकारी सेवकावर हल्ला करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ नुसार दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. कलमे आहेत, ती लावणारा हवा.

४. ज्या भगिनीजवळ न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे तिला अर्ज केल्यापासून चोवीस तासांत पाळी बदलून मिळावी, मागेल तर दुसऱ्या ठिकाणी बदली मिळावी आणि न्यायालयीन कामासाठी भरपगारी रजा मिळावी. तिचा नवा पत्ता आणि पाळी कार्यालयाबाहेर जाऊ नये.

५. शस्त्र घेऊन काम करणाऱ्या सुरक्षा दलाच्या जवानांना कामाचे निश्चित तास आणि विश्रांती मिळावी. 'मला बरे नाही' असे म्हणणाऱ्याचे शस्त्र त्याच क्षणी सन्मानाने उतरवून घेण्याची पद्धत असावी. ते गणवेशातले कामगारच आहेत.

या मागण्यांत खर्च आहे आणि प्रशासन तेच पहिले उत्तर देईल. परवान्याच्या कागदाला खर्च नाही, म्हणूनच कोणत्याही सरकारला तो मोह पडतो. परवाना दिला की त्यापुढे जे घडेल ते ज्याच्या खिशात पिस्तूल आहे त्याच्या माथी. गोळी चुकली तर तो दोषी, नेम लागला तर खटला त्याच्यावर, आणि पिस्तूल हिसकावले गेले तर मृतांत पहिला तोच. प्रशासन मात्र सर्व प्रकरणातून मोकळे.

सभेत उठून प्रश्न विचारणाऱ्या साथीला म्हणूनच माझे सांगणे एवढेच आहे. तुझी भीती खरी आहे, ती लपवू नकोस. पुढच्या सभेत ती तारीख, वेळ आणि ठिकाणासह लिहून आण. गेल्या वर्षभरात तुझ्या विभागात किती जणांना मारहाण झाली, किती ठिकाणी फिर्याद झाली, किती ठिकाणी साहेबांनी 'मिटवून टाका' म्हटले, याची यादी करू. ती यादी घेऊन आपण सगळे साहेबांच्या दालनात जाऊ.